कापसाची ओळ

घरात कापूस भरला, की त्याच्या कोंदट वासानं मला नातीचा मंगरूळपीरच्या विहारातला नाच आठवतो. तिला नाच शिकवणारी बाई अमेरिकेतली, काळ्या लोकांतली. त्यांच्याही आज्या मालकांच्या शेतात कापूस वेचत मेल्या, म्हणून ती पोरींना सांगायची, आपापल्या आजीचं दुःख अंगातून बोलू द्या. नातीनं मला माझं दुःख विचारलं तेव्हा मी हसलेच, "कापूस वेचाले नाच कायले पाह्यजे वं?" पण मग शेताच्या धुऱ्यावर, बांधावर निजवलेल्या माझ्या पहिल्या लेकराचं तिला सांगितलं. साप चावला तेव्हा ते एकदम किंचाळलं होतं. "मंग तू धावली ना, आजी?" "धावली नाई त काय!" मी म्हटलं. खरं तर मालक खेकसला होता, "आधी ओळ पुरी कर!" आणि मी शहाणी, इमानदारीचा पुतळा, मेडलच मिळायचं बाकी होतं, उरलेली सहा झाडं वेचूनच गेले. तोवर लेकरू गप झालं होतं. विहारात नातीनं ओटीतला कापूस उधळून धुऱ्याकडं धाव घेतली, तेव्हा बाया हुंदके देऊन रडल्या आणि मी सगळ्यांआधी टाळ्या वाजवल्या. नात अजून शहरोशहरी तो नाच करते, आणि त्यात मी दर वेळी धावते.