कोरडा दात

आज न्हाणीघरात चिकटवायचा हूक लावण्याआधी भिंतीची फरशी पुसून कोरडी केली आणि जळगावच्या दातांच्या दवाखान्यातली एक दुपार आठवली. तुमच्या आजोबांच्या पुढच्या दाताचा तुकडा पडला होता आणि तेव्हापासून व्हिडिओवर तुमच्याशी बोलायचंच ते टाळत होते. डॉक्टरीणबाईंनी दाताला निळं औषध लावलं, धुतलं, वाळवलं. दात खडूसारखा पांढरा दिसू लागला. "आबा, आता तोंड मिटू नका. थुंकी लागली तर भरलेलं टिकणार नाही." एवढ्यात फैजपूरचे केळीवाले स्नेही दारातून डोकावले, "राम राम आबा! कसं काय शे?" राम राम ऐकून गप्प बसणं आजोबांना कुठलं जमायला! "राम राम भाऊ!" तोंड मिटलं, दात ओला झाला. बाईंनी पुन्हा निळं औषध घेतलं. मग दवाखान्याशेजारचे कापडवाले शेठ आले आणि तेच झालं. तोंड उघडं धरून आजोबा थकले. "राहू दे, घरी जाऊ," ते म्हणाले. उन्हाने मीही गळून गेले होते. तरी दार लोटलं, बाहेर स्टूल ओढलं आणि येणाऱ्याजाणाऱ्याचा राम राम त्यांच्या वतीने घेत बसले. "आबा रुसले का, अक्का?" पुन्हा फिरकलेल्या शेठनी विचारलं. "दात वाळतोय त्यांचा," मी म्हणाले. संध्याकाळी आजोबा तुमच्याशी तोंडभर हसून बोलले. "आजी कुठे आहे?" तुम्ही विचारत होतात. आज सांगते, शेजारच्या खोलीत होते. उठायचं त्राण नव्हतं, म्हणून पडल्या पडल्या त्यांचं हसणं ऐकत होते.