कोवळे पक्षी आणि दिरांचा रस्सा

आमच्या न्हावरे गावात मटण असो की कोंबडी, अंगणाबाहेर तीन दगडांवर पातेलं चढलं की बाईनं तिकडं फिरकायचं नाही. भाकरी थापायच्या, कांदा चिरून द्यायचा आणि पुरुषांनी बिघडवलेलंही गोड मानून खायचं. ही रीत आठवली की आजही माझं डोकं फिरतं.

त्या रविवारी तर माझेच पक्षी शिजायचे होते. रिकाम्या गोठ्यात मी कोंबडीचे कोवळे पक्षी वाढवत होते, हायवेवरच्या हॉटेलांना तंदुरीसाठी लागतात तसे, ओंजळीत मावतील एवढे. दिरांना त्याच गोठ्यात कांदा साठवायचा होता. सासरे, म्हणजे आमचे आप्पा, म्हणाले, "आधी खाऊन बघू. चव असंल तर ऱ्हाऊ द्या पक्षी, न्हाईतर गोठा कांद्याला." न्याय असा ठरला, आणि पातेलं कुणाच्या हातात? दिरांच्याच!

मी बजावलं होतं. "भावजी, ह्यो काय गावरान कोंबडा न्हाई. ह्येचं हाड अजून कवळं हाय. पाणी कमी घाला आन् लवकर उतरवा."

दीर हसले. "वैनी, तुम्ही भाकरीकडं बघा. आम्ही काय आज पयल्यांदा कोंबडी करतोय व्हय?"

मग जुन्या कोंबड्याचं जे करतात तेच त्यांनी केलं. बारीक तुकडे, दुप्पट मसाला, पातेलंभर पाणी, खाली बाभळीची लाकडं आणि बाजूला न संपणाऱ्या गप्पा. पातेलं उघडलं तेव्हा हाडं एकीकडं आणि मांस एकीकडं. तर्री तेवढी झकास आली होती. आप्पांनी चाचपडून एक तुकडा काढला, तो बोटांतच विरघळला.

"ह्यात दमच न्हाई," आप्पा म्हणाले.

"मी म्हनलो नव्हतो? औषधावर वाढलेली पिल्लं ही," दीर लगेच बोलले.

औषधावर! रोज पहाटे उठून त्यांचं पाणी बदलणारी मी, भुसा पालटणारी मी. आणि आमचे हे? ताटात डोकं घालून भाकरी कुस्करत बसले. नवऱ्याची जीभही त्या रश्शात शिजली होती की काय, कोण जाणे.

असं काहीतरी होणार हे मला माहीत होतं. म्हणून दोन पक्षी मी मागं ठेवले होते, सकाळीच आलं, लसूण, मीठ, लिंबू चोळून. घरातल्या चुलीवर जाड बुडाच्या कढईत ते अख्खेच ठेवले होते, तेलाचा हात देऊन, झाकणावर निखारे घालून. वरून पाणी थेंबभरही नाही, कोवळ्या मांसाला अंगचंच पाणी पुरतं. तंगडी हलवून बघायची. सांध्यात सैल झाली आणि तिथून निघणारा रस लाल दिसला नाही, की उतरवायचं. भाकऱ्या थापून होईतो हे शिजतात.

कढई उचलली आणि सरळ पुरुषांच्या पंगतीत गेले. आप्पांच्या ताटात एक तंगडी ठेवली. त्यांनी मांस खाल्लं, हाड चोखलं, हाडाचं मऊ टोकही चावून खाल्लं. मग माझ्या नवऱ्याकडं वळले.

"ब्येस वाढवलंस पक्षी, पोरा. गोठा ऱ्हाऊ दे तुला. वाढ गं अजून."

तुला! माझ्या अंगाची लाहीलाही झाली. मी कढई मागं ओढली.

"आप्पा, वाढवलं मी, शिजवलं मी. गोठा कुणाचा ते नीट सांगा, मग वाढते."

ह्यांचा तर घास तोंडातच राहिला. आप्पांनी आधी कढईकडं पाहिलं, मग माझ्याकडं.

"तुझा," ते म्हणाले. "वाढ आता."

मी वाढलं. तेवढ्यात दिरांनी हळूच आपलं ताट पुढं सरकवलं. मी कढईवर झाकण ठेवलं.

"भावजी, आधी तुमचा रस्सा संपवा."