नातवाच्या गाण्याची मिरवणूक

मी दोन्ही हात वर करून ओरडत होते आणि समोरची माणसं शिट्ट्या मारत होती. माझ्या मागे ओट्यावर, प्लास्टिकच्या खुर्चीत, माझी धाकटी जाऊ एका बाजूला कलली होती. ओवाळायचं ताट तिच्या मांडीवर सांडलं होतं. हळदीकुंकू नव्या लुगड्यावर पसरलं होतं आणि ती ते झटकत नव्हती. तोंड घामाने निथळत होतं, ओठ राखेसारखे झाले होते. मी गाणं बंद करा म्हणून ओरडत होते, पण माझा शब्द माझ्या मलाच ऐकू येत नव्हता. बाईमाणूस घाबरलं की मांडीवर हात मारतं, तसा मी मारला. त्यावर गर्दी आणखीच खूश झाली. माझ्याकडे मोबाईल वळले.

त्या गाण्यातला नाचच तसा होता. आधी मांडी ठोकायची, मग दोन्ही हात वर करायचे. म्हातारी नाचतेय असं सगळ्यांना वाटलं.

गाणं आमच्या नातवाचं. जावेच्या लेकाचा लेक, म्हणजे माझाही नातूच. आमच्या चुली वेगळ्या झाल्या, पोरं वेगळी झाली नाहीत. मला तो मोठी आई म्हणतो. तो कबड्डी खेळतो, त्याचे पैसे मिळतात, टीव्हीवर दिसतो. संघाच्या मालकांच्या डोक्यात आलं की सामने सुरू व्हायच्या आधी खेळाडूंकडूनच एक गाणं म्हणवून घ्यावं. मग त्या सगळ्या रेड्यांना एका बंद खोलीत नेलं, कानाला यंत्र लावलं आणि एकेक ओळ म्हणायला लावली. नंतर चकचकीत सोनेरी कोट घालून, काळे चष्मे लावून नाचवलं. कोटाखाली चड्ड्या आणि गुडघ्याला पट्टे. आमच्या पोराच्या वाटणीला दोन ओळी आल्या होत्या आणि त्या त्याने नाकातून म्हटल्या.

"मोठी आई, माझा आवाज कसा हाय ते तुला म्हाईतच हाय," तो फोनवर म्हणाला होता. "पन मशीन सूर लावतंय."

"मग मशीनलाच म्हनू द्यायचं की."

तो हसला. हसण्यावारी नेणं त्याला जमतं.

जावेने मात्र ते गाणं दिवसभर लावून ठेवायला सुरुवात केली. मेथी निवडताना गाणं, दळण पाखडताना गाणं. मध्ये भिंत एकच, त्यामुळे मलाही तेच. मी सांगितलं, बारीक कर.

"बाई, तुमाला जळतंय," ती म्हणाली.

"गानं कुठं हाय ते? वरडनं हाय."

"वरडनं तर वरडनं. तुमच्या पोटचं कोन वरडलंय टीव्हीवर?"

माझ्या पोटच्यांपैकी कोणी रस्त्यावरसुद्धा ओरडलेलं नाही.

पोरगा किती वर्षं खेळत होता ते गावाला माहीत होतं. त्याचा गुडघा फाडून शिवला, त्याच्या जिवावर संघ जिंकला, त्याच्यामुळे हरला. तेव्हा कोणी हार घातला नाही. गाणं लग्नांच्या वरातीत वाजायला लागलं आणि मग कोल्हारपासून देवळालीपर्यंत सगळ्यांना तो आमच्या गावचा आहे हे आठवलं. तो दोन दिवसांसाठी घरी येणार म्हटल्यावर पोरांनी डीजे ठरवला. फुलं उधळायला जेसीबी आणला. मिरवणूक खेळाची नव्हती, गाण्याची होती.

जावेच्या छातीत स्प्रिंग बसवलेली होती, रक्ताची नळी उघडी राहावी म्हणून. दणक्याच्या आवाजापासून लांब ठेवा, असं डॉक्टरांनी घरातल्या सगळ्यांना सांगितलं होतं. म्हणून मी त्या पोरांना आधीच गाठलं. डीजे वेशीपाशी थांबवा आणि पोराला घरापर्यंत पायी आणा, म्हटलं. पोरं "व्हय आजी, व्हय आजी" म्हणाली. म्हाताऱ्या माणसाला व्हय म्हटलं की ते निघून जातं, हे त्यांना ठाऊक असतं. पण दोष एकट्या पोरांचा नाही. माझ्या पाठोपाठ जावेनेही निरोप धाडला होता की माझ्या दारात वाजलं पाहिजे.

"मग आत बस, दार लावून घे," मी म्हणाले.

"आत बसून काय दिसायचं?"

"छातीत धडधडलं तर मला सांगू नको."

"तुमाला कशाला सांगू? तुमी काय डागतर हाय?"

असं म्हणून तिने खुर्ची ओट्यावर ओढली. मी तिच्या शेजारी पायरीवर बसले.

गल्ली आमची अरुंद. पुढे डीजेची ट्रॉली, तिच्यावर माणसापेक्षा उंच खोक्यांची भिंत, मागे जेसीबी. ट्रॅक्टर दारासमोर आला आणि तिथेच थांबला, कारण पुढे नाचणारी पोरं हलेनात. घरातली सगळी माणसं त्या नाचात. माझ्या फळीवरची भांडी आत एकेक करून खाली पडत होती; ती मला दिसत होती, आवाज येत नव्हता. उखळात मुसळ घालावं तसे ठोके छातीत बसत होते. मी जावेकडे वळून पाहिलं, तर ती कललेली.

मी हात वर केले, ओरडले, मांडीवर हात मारला. त्याचं काय झालं ते आधीच सांगितलं आहे. मग मी खाली उतरून समोरच्या घरातल्या सुनेला दंडाला धरून ओढलं. तिने माझे दोन्ही हात पकडले आणि फुगडीच घालायला लागली. तिच्यातून कशीबशी सुटले. डीजे वाजवणारा पोरगा ट्रॉलीवर, कान झाकलेले. त्याला मी हाताने खाली कर, खाली कर असं सांगितलं. त्याने अंगठा दाखवला आणि आवाज वाढवला. आजीची फर्माईश.

नातू ट्रॉलीच्या कडेला उभा होता, गळ्यात हार, अंगभर गुलाल. त्याने मला पाहिलं. मोठी आईला एकदाचं गाणं आवडलं, असं त्याला वाटलं, हे त्याने नंतर सांगितलं. माझ्याकडे बघून त्याने मांडी ठोकली आणि दोन्ही हात वर केले.

त्याचे पाय माझ्या छातीच्या उंचीवर होते. मी त्याचा घोटा दोन्ही हातांनी धरला आणि अंगाचा सगळा भार मागे टाकला. लोक हसले, आजीने पकड केली म्हणून. त्यानेही मजेत पाय झटकला. पुन्हा झटकला. मग तो थांबला.

तो म्हणतो की पाय कोणी धरलाय हे खेळणारा बघत बसत नाही, पकडीवरूनच त्याला कळतं. गमतीत धरलेला हात थोडा ओढला की सुटतो. माझा सुटेना. त्याने वाकून माझं तोंड पाहिलं. मी मान ओट्याकडे केली.

त्याने उडी मारली. गाणं बंद करायला वगैरे तो थांबला नाही. ओट्यावरून स्वतःच्या आजीला, माझ्या जावेला, उचलून खांद्यावर घेतलं आणि गर्दीत घुसला. लोकांना वाटलं, आजीचा मान करतोय. त्यांनी वाट द्यायच्या ऐवजी नाच वाढवला. जेसीबीवाल्याने सोंड खाली केली आणि झेंडूची सगळी फुलं त्या दोघांवर ओतली. माझी एक चप्पल तिथेच राहिली. त्याच्या वाटेत आलेली माणसं तो खांद्याने बाजूला करत होता आणि मी त्याच्या मागोमाग पळत होते. त्याचा गाण्यातला आवाज मागे चालूच होता.

मोठ्या रस्त्यावर उसाच्या गाड्यांची रांग होती. कांद्याचा एक टेम्पो थांबला. ड्रायव्हरने काच खाली करून नातवाकडे बघितलं.

"त्या गाण्यातले तुमीच ना?"

"व्हय," नातू म्हणाला. "दवाखान्यात चला."

त्या माणसाने गाडी अशी चालवली की उसाच्या गाड्यांनीच त्याला वाट दिली. जावेचं डोकं माझ्या मांडीवर होतं. तोंडावर एवढा गुलाल की रंग परत आला की नाही ते कळेना. मी पदराने पुसत राहिले. मध्ये तिने डोळे उघडले.

"पोराला ववाळलं का?"

"गप पड," मी म्हणाले. तेव्हा नातू रडायला लागला, म्हणून त्यालाही गप केलं.

दवाखान्यात दुसरी स्प्रिंग टाकली. हृदयाचा काही भाग निकामी झाला, तो परत कामाला लागणार नाही असं सांगितलं. आता तिला पायरी चढवत नाही. बोलताना मध्येच थांबावं लागतं, त्यामुळे भांडण अर्ध्यावर राहतं. अर्ध्यावरच्या भांडणात काही राम नसतो. मी पूर्वीइतकं बोलत नाही.

माझ्या नाचाचं चित्रीकरण अजून मोबाईलवर फिरतं. परगावची माणसं मला बाजारात ओळखतात आणि मांडी ठोकून दाखवतात. एकदा संघाच्या माणसाचा फोन आला. पुढच्या गाण्यात खेळाडूंबरोबर तुमच्या आजीला घेऊ, लोकांना लई आवडल्यात, असं तो नातवाला सांगत होता. मी फोन मागून घेतला.

"ती आजी नाचतीया, तिच्या मागं खुर्चीत कोन हाय ते बघितलं का?" मी विचारलं.

त्याने बघितलं नव्हतं. कोणीच बघत नाही. पुन्हा फोन आला नाही. गाणं पुढच्या वर्षीही निघालं, आमचा नातू त्यात नव्हता. "मला गाता येत नाही," एवढंच त्याने कळवलं. त्यावरून वरचे लोक नाराज झाले आणि त्याला बरेच सामने बाकावर बसवलं. त्याने माझ्या जावेला ते सांगितलेलं नाही. ती टीव्हीसमोर बसते आणि तो मैदानात का उतरत नाही म्हणून मला विचारते. मी सांगते, गुडघा दुखतोय.

जाऊ जगली. मीही आहे.