राजाची उडी

सारा हॉल हसला. माझी नात बोर्डापुढं मान खाली घालून बसली होती.

गडचिरोलीत पोरापोरींची बुद्धिबळ स्पर्धा होती. आम्ही मुलचेऱ्याकडून दोन बस बदलून गेलो. सहावीतली पोर, तीन डाव जिंकली होती. चौथा जिंकला का नागपूरले निवड. घरच्यायले आत मनाई. मी खिडकीपाशी उभा होतो.

तिचा राजा कोपऱ्यात कोंडत चालला होता. शह बसला नव्हता अजून. तिनं राजा उचलला आन् घोड्यासारखा उडवून बाहेर ठेवला. मी मनात म्हणलो, शाब्बास.

समोरच्या पोरानं हात वर केला. पंच आला, राजा असा चालत नाई म्हणे. तवाच सारे हसले. त्या पोराचा बाप माझ्याच बाजूले उभा होता. बक्षिसं त्याच्याच दुकानाची. त्यानं विचारलं, कोणी शिकवलं हिला? मी म्हणलो, मी.

"आबाजी, हे बुद्धिबळ आहे. जंगलात चालतं ते इथं नाही चालत."

जवानीत मी लाकडाच्या डेपोवर हमाल होतो. तिथल्या आरा चालवणाऱ्या रहमानभाईनं मले जुना देशी खेळ शिकवला. अख्ख्या डावात एकदा, शह बसाच्या आधी, राजाले घोड्याची उडी. जलमभर असाच खेळलो. नव्या खेळात प्यादं पहिल्यांदा दोन घरं जाते, हे तिच्या शाळेच्या सरांनी सांगितलं. उडी बंद झाली हे नाई सांगितलं. आता कोणी मारतच नाई, तं सांगन कोण?

पंचानं राजा मागं ठेवला. हात लागला ना, मग राजाच चालवा लागते म्हणे. एकच घर मोकळं होतं. तिनं खिडकीकडं पाह्यलं. मी काय करू? शिकवणारा मीच. तिनं राजा त्या घरात ठेवला. पुढच्याच चालीले मात.

मग तो बाप नवा पट घेऊन आला. जंगलातली गुणी पोर म्हणून फोटो काढाचा होता त्याले. हस म्हणे बेटा. मी तिचा हात धरला.

"हसाचं होतं तेवढं तुम्ही हसले. पट ठेवा."

बसमध्ये तिनं हळूच विचारलं, "आबाजी, तुमचा खेळ खोटा हाय का?"

मी म्हणलो, खोटा नाई, बाई. नियम बदलला, त्याचा निरोप आपल्या गावात कोणी धाडला नाई. आन् निरोप न धाडणारेच हसले.

सरांकडून नियमाचं पुस्तक आणलं हाय. मी तिसरी नापास. एक पान वाचून लावाले दुपार जाते. जावो. पुढच्या साली तिले घेऊन जाणार हावो. पुस्तक संपल्याबिगर मी मरत नाई.