टॅक्टर उभा ऱ्हायला

मी भंगार गोळा करतो म्हणून गाव मला हसतं. हसू दे. चोवीस वर्षं फौजेच्या वर्कशॉपात सरकारी गाड्या दुरुस्त केल्या, आता पेन्शनीत स्वतःच्या करतो, कुणाच्या बापाचं काय जातंय? कुणी पत्ते कुटतं, कुणी पारावर बसून दुसऱ्याच्या सुना मोजतं. मला जुने बारके ट्रॅक्टर लागतात. द्राक्षबागेच्या दोन ओळींतून जायला केलेले, छातीपर्यंत येणारे. मालकाची पोरं नव्या गाड्या घेतात आणि हे बिचारे शेडमागं टायर सडवत पडतात, तसले. ते आणायचे, खोलायचे, गंज घासायचा, रिंगा बदलायच्या, हँडल मारून धूर काढायचा, आणि शेवटी आपल्याच रानात त्यानं नांगरट करायची. एवढाच नाद. असे तीन उभे केले होते, हा चौथा.

'उभा केला' हा आमच्याकडचा शब्द. बंद पडलेली वस्तू चालती केली की ती उभी केली. गंमत अशी, की चालती गाडी मधेच बंद पडली तरी ती उभीच राहिली म्हणतात. आणि मागं ओढ जास्त झाली, पुढची चाकं जमीन सोडून ट्रॅक्टरनं तोंड आभाळाकडं केलं, तरीही तो उभाच राहिला. तीन गोष्टी, शब्द एक. या शब्दानं मला दोनदा फसवलंय.

चौथा ट्रॅक्टर कवठे महांकाळच्या बाजूला एका बागायतदाराच्या गोठ्यामागं सापडला होता. इंजिन आम्ही चार महिन्यांत बोलतं केलं. आम्ही म्हणजे मी आणि उंब्रजचा लेथवाला मिस्त्री. मिस्त्री माझ्यापेक्षा दहा वर्षांनी मोठा, पाच वेळचा नमाजी, जिभेला धार आणि हाताला त्याहून जास्त. पण लिफ्ट गेलेली. नांगर उचलायची सोयच नाही. मग घरातला बैलांचा लोखंडी नांगर काढला आणि साखळीनं मागं बांधला. ओढायचा खालचा हूक तुटलेला होता, म्हणून साखळी घातली वरच्या भोकात, अ‍ॅक्सलच्याही वर. नुसतं बघायला, म्हटलं.

मिस्त्रीनं बघितलं आणि तिथंच शिवी हासडली. "फौजी, अक्कल गहाण टाकली का रं? वरनं वडला तर त्यो नांगर वडंल का सोताचं त्वांड वर करंल?"

मला कळत होतं. आमच्या भागात शेंबड्या पोराला पण कळतं. उसाच्या दोन ट्रॉल्या चढाला लागल्या की चार गडी बोनेटवर बसवतात, तोंड दाबून धरायला. हसत-खिदळत बसतात लेकाचे. त्यात किती जण गेले हे सगळ्यांना ठाऊक आहे, तरी बसतात.

म्हणून मी आणि मिस्त्री एका सकाळी त्याच्या पिकअपमधून कवठे महांकाळला निघालो. त्या बागायतदाराच्या गोठ्यात मूळचा हूक पडला असणार असा माझा अंदाज होता. निघताना बायकोला एवढंच म्हटलं, "टॅक्टरला हात लावू नको." का, ते सांगितलं नाही. सांगितलं असतं तर तिनं विचारलं असतं, म्हणजे त्यो त्वांड उचलतो व्हय? आणि मग माझा नाद तिथंच बंद. तिला ट्रॅक्टर चालवता येतो, मीच शिकवलाय. मी फौजेत असताना अख्खं रान तिनं बैलांवर केलं. नांगराचं तिला माझ्याहून जास्त कळतं. तरी मी कारण सांगितलं नाही. असला मी शहाणा.

हूक मिळाला. गंजलेला, पण साबूत. मी तो फडक्यात गुंडाळतोय तोवर फोन वाजला. आमच्या रानाशेजारचा, भावकीतलाच माणूस.

"आवं, तुमचा टॅक्टर उभा ऱ्हायला रानात. तुमी या."

"कुणी नेला रानात?" मी ओरडलो. "हॅलो?"

फोन कट. परत लावला तर बंद.

बायकोला लावला. पूर्ण वाजला. कुणी उचलला नाही. परत लावला. मिस्त्री माझ्या तोंडाकडं बघत होता. मी म्हणालो, "चला." त्यानं लगेच पिकअप काढली.

तो म्हणत राहिला, "आरं, बंद पडला आसंल. डिझेल सपलं आसंल." त्याचं बरोबर होतं. शंभरातली नव्वद माणसं त्याचा अर्थ तोच घेतील. पण मला तो घेता येत नव्हता, आणि का, ते मिरजेच्या अलीकडं मी त्याला पहिल्यांदा सांगितलं.

बावीस वर्षांपूर्वी मी सरहद्दीवर होतो. युनिटच्या फोनवर घरून निरोप आला. चुलता बोलत होता. "टॅक्टर उभा ऱ्हायला. तू ये." थोरला भाऊ तेव्हा कारखान्याला ऊस ओढायचा. मला वाटलं गाडी बंद पडलीय, आणि हे मिस्त्री म्हणून मला बोलवतायत. मला रागच आला. म्हटलं, सुट्टी काय झाडाला लागते? आणि मी त्यांना फोनवर सांगत बसलो, फिल्टर साफ करा, पाइप ढिली करून एअर काढा, मग हँडल मारा. चुलता नुसता हूं हूं करत होता. आमच्याकडं मरण फोनवर सांगत नाहीत. जरा बरं न्हाई, तू ये, असंच सांगतात; माणूस वाटेत कोसळू नये म्हणून. हे मला लहानपणापासून माहीत. तरी त्या दिवशी कळलं नाही. तिकडं ट्रॅक्टर उलटून गेलेल्या भावाला अंगणात ठेवलेलं, आणि मी एअर काढायला सांगतोय. दुसरा फोन आला तेव्हा सावडणं उरकलं होतं.

 मिस्त्रीनं गिअर खाली टाकला आणि समोरच्या उसाच्या गाडीला हॉर्नवर हॉर्न मारत पुढं काढली.

सांगलीत सिग्नलला थांबलो तेव्हा फोन दोन मांड्यांत धरून परत बायकोचा नंबर दाबला. वाजतोय, वाजतोय, वाजतोय. मिस्त्री म्हणाला, "दुसऱ्या कुणाला तरी लाव की. गावात माणसं मेली का?" शब्द गेला आणि त्यानं जीभ चावली.

लावता आला असता. दहा नंबर होते माझ्याकडं. सरळ सांगतो, मला धाडस झालं नाही. लावला तर कुणीतरी सांगेल. जोवर कुणी सांगत नाही तोवर ती आहे. किंवा कुणी सांगणार नाही, नुसतं म्हणेल, तुमी या. ते तर त्याहून वाईट. मुलगा पुण्यात, त्यालाही लावला नाही. त्याला काय सांगू, तुझ्या आईला मी कारण सांगितलं नाही म्हणून?

आष्टा गेलं. पेठनाका आला, हायवेला लागलो. माझ्या डोळ्यांपुढं एकच दिसत होतं. साखळी वरच्या भोकात आहे. ती साखळी मी घातलीय. नांगर दगडाला अडकतो, ट्रॅक्टरला पुढं जाता येत नाही, मग तो तोंड उचलतो. उचलायला किती वेळ लागतो? माणसानं "आई गं" म्हणेपर्यंत तो उलटा मागं येतो, आणि सीटवरचा माणूस खाली. तिचं लुगडं. सीटमागचा मडगार्डचा पत्रा, जो मी स्वतः ठोकून सरळ केला होता.  कराडच्या पुलाआधी गाडी थांबवायला लावली आणि रस्त्याकडेला उलटी केली. मिस्त्रीनं पाठीवर पाणी मारलं. "चल रं गड्या. अल्ला हाय." 

कराडात धीर करून एका चुलतभावाला लावला. तो म्हणाला, "मी साताऱ्यात हाय, का रं?" मी "काय न्हाई" म्हणून ठेवून दिला. ठेवताना बरं वाटलं. याची मला अजून लाज वाटते.

घराकडं गेलोच नाही, पिकअप सरळ रानात घातली. लांबून पहिल्यांदा ट्रॅक्टर दिसला. चारी चाकं जमिनीवर. मग बांधावर तीन-चार माणसं दिसली, बसलेली. माणसं बसलीयत म्हणजे काय? घोळक्यानं कशाभोवती तरी बसलीयत का? पिकअप थांबायच्या आत मी उडी टाकली, पडलो, उठलो. मग त्यातलं एक माणूस उठून उभं राहिलं आणि पदर खोचला. ती होती.

मला आनंद झाला असं लिहायला पाहिजे. मला राग आला. असला राग, की कानशिलं तापली.

"तुला सांगितलंवतं न्हवं, हात लावू नको म्हणून! कान फुटलं का तुजं? फोन घ्यायला काय हात मोडलं हुतं? आगं, मेलो आस्तो मी वाटंत!"

माणसं खाली बघायला लागली. मिस्त्रीनं माझा दंड धरला.  माझा दम संपल्यावर ती म्हणाली, "झालं का? आता आइका. त्यो उचलतोय."

मी वळून साखळीकडं बघितलं.

"पयल्या गिअरात घातला. पाय क्लचवर ठिवूनच बसलेवते. नांगर धोंड्यात घुसला, अन् म्होरली चाकं ही एवडी वर आली." तिनं हात कमरेएवढा केला. "पाय दाबला तशी धाडकन खाली आली. मग बंद केला. ह्या शेजारच्यास्नी म्हनलं, फोन लावा, टॅक्टर उभा ऱ्हायला म्हणून सांगा, यायला लावा. बोलता बोलता त्येंची ब्याटरी सपली."

म्हणजे शब्द बरोबरच होता. या वेळी मी तो बरोबर ऐकला होता.

"अन् तुजा फोन?"

"वाजत हुता. तुमचा आवाज आयकला आस्ता तर मला रडू फुटलं आस्तं. ह्या मान्सांपुडं?"

"पर तू बसलीसच कशाला त्येच्यावर?"

तिनं माझ्याकडं असं बघितलं, जणू मीच काहीतरी खुळ्यासारखं विचारलं होतं. "उद्या तुमी बसला आसता की."

"आगं, मी हूक आणायलाच गेलोवतो!"

"मला कुटं सांगितलं तुमी? साखळी वर दिसली मला. हात लावू नको म्हणला, तवाच वळाकलं काय तरी हाय. तुमी फौजी मानूस, गडबडीचं. येशीला अन् तसंच हाणशीला. म्हनलं, आपुन आदी बघावं."

मी मटकन ढेकळावर बसलो.  बाकीची माणसं उठून हळूहळू पांगली, मिस्त्री नांगराचा फाळ बघायच्या निमित्तानं तिकडं गेला. ती माझ्याशेजारी बसली.  मग ती ट्रॅक्टरकडं बघत म्हणाली,

"थोरल्या भावजींचा डावा पाय शिटावर हुता. मुडपून घेतलावता, आरामात. क्लचवर न्हवता. म्या बघितलंय. उसाच्या वाड्याच्या पेंड्या बांधत हुते मी, पंधरा पावलांवर."

ती त्या दिवशी तिथं होती हे मला माहीत होतं. पण बावीस वर्षांत मी कधी विचारलं नव्हतं आणि तिनं कधी सांगितलं नव्हतं.

"तवापास्नं तुमी कवाबी टॅक्टरवर बसला," ती म्हणाली, "तर मी तुमच्या त्वांडाकडं बघत न्हाई. लोक म्हणत्यात, मालक कसा झोकात बसलाय बघ. मी निस्ता तुमचा डावा पाय बघते."

तीन ट्रॅक्टर मी उभे केले, तिन्हींवर या रानात मिरवलो. बांधावर ती उभी असायची. मला वाटायचं, कौतुक बघतेय. मी तीन तासांत अर्धा मेलो होतो, आणि ही बाई दर नांगरटीला तेच करत होती, मला कळूही न देता. मला रडू आलं, आणि मी ते लपवलं नाही.

तिनं पदरानं माझं तोंड पुसलं, जरा जोरातच. "हूक घावला का?"

"घावला."

"मग बसवा. उद्या मीच चालवती. तुमी हितं बांधावर बसा, अन् माज्या पायाकडं बघा."

मिस्त्रीनं आणि मी संध्याकाळपर्यंत हूक बसवला. अ‍ॅक्सलच्या खाली, नवीन बोल्ट घालून. तीन वेळा तपासला. मिस्त्री म्हणाला, आता हत्ती बांधलास तरी उचलायचा न्हाई. दुसऱ्या दिवशी सकाळी तिनं लुगडं वर खोचलं, चपला काढून बांधावर ठेवल्या आणि सीटवर बसली. मी हँडल मारून बाजूला झालो आणि सांगितल्याप्रमाणं बांधावर बसलो.

दुपारपर्यंत ती नांगरत होती. रस्त्यानं जाणारे थांबून बघत होते, कुणी मोबाईल काढून फोटो घेतले. नंतर मिस्त्रीनं विचारलं, नांगराचं तास सरळ पडलं का? मला सांगता आलं नाही. मी रानाकडं बघितलंच नव्हतं.