उंबऱ्याबाहेरची मदत

गोळी जात्याखाली गेली.

"तिकडं गेली बघ. हुडक," बाई म्हणली. ती उंबऱ्याच्या बाहेर उभी होती, पोतं अंथरून, चपलांसकट. माझी माय आत भिंतीला टेकून ओंजळ पसरून बसलेली. मायला टीबी झालेला. बाईनं गोळी वरून टाकली, ती ओंजळीत पडली न्हाई, घरंगळत गेली. मी पालथी पडून जात्याच्या फटीत हात घातला. गोळीला पीठ अन् मुंग्या लागलेल्या. फुंकर मारून मायला दिली. मायनं गिळली अन् बाईला हात जोडले.

तवा मी आठवीत होते. गोळी टाकल्याचा आला त्याच्यापेक्षा जास्त राग मला त्या जोडलेल्या हातांचा आला.

बाप आदल्या साली वारलेला. माय अंथरुणाला खिळली तसे परभणीचे सरकारी साहेब आले. म्हणले, बघायला कुणी न्हाई तर धाकटी दोघं बालगृहात टाकावी लागतील. भाऊ सहाचा, बहीण चारची. मायनं त्यांचे पाय धरले. साहेब माणूस बरा. म्हणले, एका संस्थेची बाई हप्त्यातून दोनदा घरी येईल. गोळ्या देईल, सैपाक करील, लेकरांना न्हाऊ घालील. तिचा कागद चांगला आला तर लेकरं घरीच राहतील.

घरीच राहतील. हे दोन शब्द माय झोपेत बडबडायची.

बाई आमच्याच गावची निघाली, वरच्या आळीची. मंगळवारी अन् शुक्रवारी यायची. सहा महिने आली. आत एकदाबी आली न्हाई. पिठाची पुडी उंबऱ्यावर ठेवायची, मागं सरायची, मग मी उचलायची. सैपाक मी केला. लेकरं मी धुतली. बाई वहीत लिहायची अन् जायची.

आता पाण्याचं सांगते. विद्यापीठाचं नाव बदला म्हणून आमच्या वस्तीतली माणसं मोर्चाला गेली होती. परत आली तवर गावानं आमाला विहीर बंद केली. मग ओढा. वाळूत झिरा खोदायचा, वाटीवाटीनं पाणी उपसायचं. एक घागर भरायला अर्धा दिस जायचा. बाई दिसभरात कवा येईल त्याचा नेम न्हाई, म्हणून मंगळवारी अन् शुक्रवारी मी घर सोडत नव्हते. त्या दिवशी पाणी न्हाई. घागर दारापाशी पालथी. बाईला उंबऱ्यातून तेवढीच दिसायची.

एका शुक्रवारी बाईनं वही अन् शाईची डबी उंबऱ्यावरून आत सरकवली. "साहेबाकडं कागद जायचाय. तुझ्या मायचा अंगठा घे."

मी मायचा अंगठा शाईत बुडवला. अन् सवयीनं वाचायला लागले.

'घरात जाऊन स्वयंपाक केला. मुलांना अंघोळ घातली. घरात पाणी भरून ठेवत नाहीत. घागर नेहमी रिकामी असते. स्वच्छतेची आवड नाही. मुले बालगृहात पाठवणे योग्य.'

मायचा हात माझ्या हातात तसाच.

"काय करायलीस? लाव की," बाई म्हणली.

"बाई, तुमी आत आल्याच न्हाईत. मंग ह्ये कुणी बघितलं?"

"वाचती व्हय? बरंच शिकवलंय तुला." बाई हसली. "तुमच्या घरात येऊ मी? दिसतंय की हितून. विद्यापीठाचं नाव बदलायला निघालेत. आधी घागर भरा म्हणावं."

माय कण्हत म्हणली, "लाव पोरी अंगठा. वाद नगं. आपली पोरं त्यांच्या हातात हायत."

मायला वाचता येत नव्हतं. मी परकराच्या टोकानं तिचा अंगठा पुसला. शाई निघेना, तर थुंकी लावून पुसला. मग वहीत अडकवलेल्या बाईच्याच पेननं खाली लिहिलं: 'बाई उंबऱ्याच्या आत एकदाही आल्या नाहीत. विहीर गावाने बंद केली आहे.' त्याच्याखाली माझी सही केली. पूर्ण नाव, बापाचं, आडनाव. वही उंबऱ्यावरून बाहेर सरकवली, तिनं सरकवली होती तशीच.

बाई परत आली न्हाई. पंधरा दिवसांनी साहेब आले, बाईची वही घेऊन. दोन्ही मजकूर वाचले. मान खाली घालून म्हणले, "पोरी, तू खरं लिहिलंस. पण आता घरी येणारं कुणी राहिलं न्हाई. दुसरी बाई तुमच्या वस्तीत यायला तयार न्हाई. माझा नाइलाज हाय."

लेकरं एस्टीत बसून परभणीला गेली. बहिणीनं खिडकीचा गज धरलेला, तो सोडून हातसुद्धा हलवला न्हाई. माय कितीक दिवस माझ्याशी बोलली न्हाई. वस्तीतले म्हणले, गप अंगठा दिला असता तर. अंगठा दिला असता तरी गेलीच असती. खोट्याच्या खाली आमचा अंगठा घेऊन गेली असती, एवढाच फरक.

गोळ्या दवाखान्यातून आणून मी दिल्या. हातात दिल्या. माय उठली, तवा लेकरं परत आली. भाऊ पळत आत शिरला. बहीण उंबऱ्याबाहेर थांबली, चपला काढून, हात बांधून.

"आत येऊ का?" तिनं इचारलं.

स्वतःच्या घरात. मायनं तोंडात पदर कोंबला. मला रडू आलं न्हाई. जे आलं ते अजून गेलेलं न्हाई.

आज मीबी तेच काम करते. जिंतूर, मानवत, जिथं धाडतील तिथं. माझ्याबी बगलेत वही असते, अन् माझ्याबी कागदावर कुणाचं तरी लेकरू घरी राहायचं का जायचं ते ठरतं. मी आत जाते. खाली बसते. घागर पालथी असली तर आधी विहीर कुणी बंद केली ते लिहिते, नावासकट. वरचे साहेब म्हणतात, एवढं लिहायचं नसतं. मी लिहिते. अन् उंबऱ्याबाहेरून लिहिलेला कागद कुणाचाबी असो, साहेबाचा असो का संस्थेचा, मी हाय तवर त्याच्याखाली कुठल्या मायचा अंगठा लागू देणार न्हाई.