रुमालाखालचा हात

त्या वर्षी माझा देवावर विश्वास होता का, हे मला नीट सांगता आलं नसतं. मी रोज हात जोडत होतो, पण उजव्या तळहातातली गाठ डाव्या हाताला लागायची आणि मन तिथेच अडकायचं. अंगठ्याच्या मुळाशी, सुपारीएवढी, मऊ गाठ. दुखत नव्हती. पण पहिली दोन बोटं बधिर होत चालली होती आणि लिहिताना पेन कधी सुटलं ते कळत नव्हतं. आमच्या घरातून कॉलेजला गेलेला मी पहिलाच, आणि पदवीची परीक्षा जवळ आली होती. मावशी अशाच न दुखणाऱ्या गाठीने गेली होती, त्यामुळे घरात विषय काढायची हिंमत होत नव्हती. म्हसोबालाच तेवढं सांगायचो: गाठ विरघळव, मी उपास करीन, अनवाणी येईन. रोज नवी बोली लावायचो.

पौषात बाबा म्हशाच्या जत्रेत बैल विकायला निघाले, मीही गेलो. तिथल्या बाजारात भाव तोंडाने सांगत नाहीत. दोघे रुमालाखाली हात घालतात आणि एकमेकांची बोटं धरून आकडा ठरवतात. पांढऱ्या मिशांचे एक व्यापारी बैलाचे दात पाहून उभे राहिले. बाबा मला म्हणाले, "यंदा तू हात घाल. शिकायला नको?"

"कॉलेजचं पोर आणलंस?" व्यापारी हसले. "बैलाला इंग्रजी येतं काय रे?"

"बैलाला नाय येत. पण पोराला बैल कळतो," बाबा म्हणाले.

मी हात घातला. त्यांनी बोटं धरली. कोणती, किती, मला कळेना. बाबा बघत होते म्हणून मी नुसती मान हलवली. त्यांचा अंगठा गाठीवर येऊन थांबला.

"किती सांगितले मी?"

मी पुन्हा मान हलवली.

"एकच बोट धरलंय, पोरा. एवढ्यात बैल देतोस?"

त्यांनी रुमाल काढला आणि माझा तळहात बाबांपुढे उघडा केला. "बैलाचं मागून बघू. पयला याचा हात बघा. बोटांना कायच कळत नाय त्याच्या."

बाबांचा चेहरा उतरला. "कवापासून रे? आन् आमाला सांगितलं नाय?"

मी तळहात मिटून घेतला. मग त्या माणसाने बैलाचा योग्य भाव चारचौघांत मोठ्याने सांगितला. त्या बाजारात असं कुणी करत नाही. बाबांनी बैल दिला आणि आम्ही तिथूनच मुरबाडच्या डॉक्टरांकडे गेलो.

त्यांनी गाठ सगळ्या बाजूंनी दाबून पाहिली, टाचणीने बोटं तपासली, फोटो काढायला लावला. हाड चांगलं होतं. "चरबीची गाठ वाटते. ती वाईट नसते, पण ही नसेवर दाबतेय. काढावी लागेल. नक्की काय ते काढून तपासल्यावरच कळेल," असं सांगून त्यांनी ठाण्याला पाठवलं. नसेला धक्का लागू शकतो, हे तिथल्या डॉक्टरांनी लपवलं नाही.

ऑपरेशनच्या वेळी बगलेत सुई देऊन फक्त हात बधिर केला. मी जागा होतो. पडद्याआड हात होता, पण तो माझा आहे असं वाटतच नव्हतं. मी खांदा हलवून बघत होतो. डॉक्टर म्हणाले, "हात आता आमच्याकडे आहे. तू स्वस्थ पड." त्या क्षणी मला देवाला काही देऊ करायचं सुचलं नाही. काही मागायचंही सुचलं नाही. इतक्या दिवसांत पहिल्यांदाच मी गप्प झालो, आणि भीती हळूहळू ओसरली.

गाठ पिवळीधमक, लोण्यासारखी होती. तपासणीत साधी चरबीच निघाली. बोटं मात्र बधिरच राहिली. नस सावरायला वेळ लागेल, असं डॉक्टर म्हणाले होते. पुढच्या वर्षी जत्रेत त्या व्यापाऱ्यांना आम्ही खूप शोधलं. ते भेटले नाहीत. ते कोण होते यावर मी तर्क करत नाही. मी गाठ नाहीशी करायला सांगत होतो, आणि ती कुणाच्या तरी हाती लागली, एवढंच मला माहीत आहे.

त्याच जत्रेहून परतल्यावर आई नेहमीप्रमाणे व्रणावर खोबरेल चोळत होती. तिचा अंगठा बधिर बोटाच्या टोकाशी गेला.

"आये, हळू गो."

ती थांबली. "दुखलं?"

"हो."

"खरं सांग. दुखलं तुला?"

मी पुन्हा हो म्हणालो. तेलकट हात तसेच जोडून ती देवासमोर जाऊन बसली. मी तिच्या शेजारी बसलो. मागायचं काही उरलं नव्हतं.